पहिल्या धारेचे बेट

मागच्या दिवाळीत माझा धाकटा दीर ग्लासगोहून आला, तेव्हा त्याने भावासाठी एक बाटली आणली. हिरवी काच, पांढरे लेबल, आणि सोबत सुबक छापलेली एक पुस्तिका. आमच्या घरात दारूची बाटली दिवाणखान्यात ठेवण्याची रीत नाही. त्याचे कारण पुढे येईलच. तेव्हा ती माझ्या पुस्तकांच्या कपाटात, केतकरांच्या ज्ञानकोशाच्या खंडांमागे गेली. पुस्तिका मात्र टेबलावर राहिली आणि दुपारी आईच्या हाती लागली. गेल्या पावसाळ्यापासून आई नेरूळला आमच्याकडेच राहते. तिने चष्मा लावून एकेक चित्र पाहिले: समुद्रकाठच्या पांढऱ्या भिंतींच्या इमारती, तांब्याची प्रचंड भांडी, फावडे घेऊन धान्य परतणारी माणसे.

"कुठलं गं हे?"

"स्कॉटलंडमधलं एक बेट आहे. आयला म्हणतात."

"आयला?" आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. दीर मोठ्याने हसला. नाव खरेच तसे आहे आणि उच्चारही तसाच. मग पुन्हा पुस्तिकेत डोके घालून ती सहज म्हणाली, "भट्ट्याच ना या? आमच्या उरणात पण होत्या की. माझे आजोबा जायचे पिंपं उचलायला."

मी मूळची उरणची नाही, पण माझे आजोळ उरणजवळच्या नागावचे. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथल्या वाडीत गेल्या. असे असूनही उरणच्या भट्ट्यांविषयी मी त्या दुपारपर्यंत एक अक्षर ऐकले नव्हते. वीस वर्षे मराठी शिकवणारी मी, 'एकच प्याला' दरवर्षी नव्या उत्साहाने वर्गात उलगडून दाखवणारी. आणि माझ्या पणजोबांनी दारूच्या भट्टीवर मजुरी केली होती, हे मला एका परक्या बेटाच्या जाहिरातीमुळे कळले.

*

आधी त्या परक्या बेटाविषयी. आयला हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे बेट. वारा, पाऊस आणि दलदल यांचा प्रदेश. झाडी विरळ, त्यामुळे सरपण कमी. मग माणसांनी दलदलच खणून काढली. शेकडो-हजारो वर्षे साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हा थर म्हणजे पीट. त्याच्या विटा पाडायच्या, उन्हावाऱ्यात वाळवायच्या आणि चुलीत घालायच्या. बार्ली भिजवून तिला मोड आणले की ते मोड एका टप्प्यावर थांबवावे लागतात, म्हणजेच धान्य वाळवावे लागते. ते या पीटच्या धुरावर वाळवले जाते, आणि तो धूर धान्यात जो शिरतो तो अखेरच्या थेंबापर्यंत राहतो. पुढे धान्य भरडून गरम पाण्यात कालवणे, त्यातली साखर उतरवणे, यीस्ट घालून ते आंबवणे, तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करणे आणि मग वर्षानुवर्षे ओकच्या पिंपात मुरवणे. पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के मद्य हवेत उडून जाते. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत हे प्रमाण कितीतरी जास्त असते. आपल्या हवेतले देवदूत अधिक तहानलेले, असे म्हणायचे.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचा वाटला तो धार निवडण्याचा क्षण. ऊर्ध्वपातनात पहिल्यांदा जे उतरते ते तीव्र आणि अपायकारक, शेवटी उतरते ते जड आणि उग्र. मधला भाग तेवढा घ्यायचा. ही निवड करणारा कारागीर मद्याला हात लावू शकत नाही, चाखू शकत नाही. कारण धार कुलूपबंद काचेच्या पेटीतून वाहते आणि तिची किल्ली पूर्वी अबकारी अधिकाऱ्याकडे असे. बाहेरच्या मुठी फिरवून, काचेतून पाहून त्याने ठरवायचे: आता घ्या, आता सोडा. सरकारचा अविश्वास आणि कारागिराची नजर एकाच पेटीत नांदतात.

आयलाची आजची प्रतिष्ठा मात्र केवळ पीट आणि समुद्र यांची देणगी नव्हे. तिथेही एके काळी चोरटी भट्टी हाच रिवाज होता. कर इतका जबर की प्रामाणिकपणा परवडत नसे. १८२३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा बदलला. कर उतरवला, दहा पौंडांत परवाना देऊ केला आणि चाळीस गॅलनांहून मोठे भांडे असले की कुणालाही उजळ माथ्याने भट्टी लावता येईल असे केले. कालचा चोर आज परवानाधारक झाला. त्याची मुले, नातवंडे त्याच जागी तोच धंदा करू लागली आणि दोनशे वर्षांनी त्यांच्या नावांची पुस्तिका माझ्या टेबलावर आली. त्या बेटावरची पोर्ट एलन नावाची भट्टी १८२५ च्या सुमाराची. ती १९८३ मध्ये बंद पडली, आणि एक्केचाळीस वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा पेटली. भट्टी विझली तरी तिची आठवण विझली नव्हती, म्हणून हे होऊ शकले.

*

आता आपले बेट.

आज उरणला बेट म्हणणे विनोदाचे वाटेल. खाड्या बुजल्या, भराव पडले, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि कंटेनरच्या रांगांनी रस्ते व्यापले. पण जुन्या कागदांत याचे नाव 'करंजा बेट' असेच येते: दोन टेकड्या, मधला भातखाचरांचा सखल पट्टा, कडेने मिठागरे. शिलाहारांचे शिलालेख इथल्या चांजे आणि रानवड या गावांत सापडले. पुढे पोर्तुगीज आले, त्यानंतर मराठे. १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबादादांनी साष्टी-वसईबरोबर हे बेटही इंग्रजांना देऊ केले. मुंबईच्या बंदरासमोरचे, होडीने सहज गाठता येणारे, तरीही समुद्राने वेगळे पडलेले असे हे स्थान. अशी जागा सरकारला दोन गोष्टींसाठी फार सोयीची असते. एक मीठ, दुसरी दारू. दोन्हींवर कर बसतो आणि दोन्हींवर नजर ठेवावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र होते. भट्ट्यांचे मालक बहुतांशी पारशी. मोहाची वाळलेली फुले गुजरातेतून, पंचमहालाकडून यायची आणि तयार झालेली दारू पडावांतून मुंबईला आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांना जायची. ब्रिटिश काळातल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने उरणच्या या उद्योगाची नोंद घेतली आहे. नोंद अर्थातच महसुलाच्या अंगाने. तिथे काम करणाऱ्या हातांविषयी ती काही बोलत नाही, आणि तिने बोलावे अशी अपेक्षाही नाही.

मोहाचे फूल मी पहिल्यांदा हातात घेतले ते कर्जतच्या बाजूला, एका विद्यार्थ्याच्या गावी. फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने गळतात आणि पहाटे झाडाखाली फिकट पिवळसर, मांसल फुलांचा सडा पडतो. तोडायची नसतातच, पडलेली वेचायची. ताजे फूल जिभेवर गोड लागते आणि त्यामागून एक उग्र, काहीसा माजावर आणणारा वास येतो. वाळले की मनुकेसारखे तपकिरी होते. त्यात साखर इतकी की धान्यासारखे मोड आणण्याची, साखर उतरवण्याची यातायात लागत नाही. पाण्यात भिजत घालायचे, काही दिवस आंबू द्यायचे आणि मडक्यावर मडके रचून खालून जाळ करायचा. वाफ थंड होऊन नळीतून उतरते ती धार. 'पहिल्या धारेची' हा आपला शब्दप्रयोग इथलाच. स्कॉटलंडचा कारागीर पहिली धार बाजूला काढतो आणि आपण पहिल्या धारेला कडकपणाची पावती मानतो. या एका फरकात दोन संस्कृतींचे बरेच काही सांगून होते. पण तो मोह (आणि हा श्लेष अनवधानाने झालेला नाही) मी आवरता घेते.

*

ग्लासगोच्या पुस्तिकेने १८२३ हे साल अभिमानाने छापले आहे. आमच्या बाजूचे साल १८७८. त्या वर्षी मुंबई इलाख्यात अबकारीचा नवा कायदा आला. गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून उत्पादन मोजक्या ठिकाणी एकवटायचे, विक्रीचे मक्ते द्यायचे आणि ताडामाडांवर झाडामागे कर बसवायचा, अशी या धोरणाची दिशा होती. माडी काढणे हा ज्यांचा परंपरागत व्यवसाय त्या भंडाऱ्यांना हा कर जाचक झाला. त्याविरुद्ध त्यांनी आवाजही उठवला. १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांवरच कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध बसले. म्हणजे परप्रांतातून आलेली फुले उरणच्या भट्टीत कायदेशीर, आणि कातकऱ्याने, ठाकराने आपल्याच दारच्या झाडाखाली वेचलेली फुले संशयास्पद. ज्या ब्रिटिश राजवटीने आयलाच्या चोरट्याला परवाना दिला, तिनेच आमच्या डोंगरातल्या माणसाचे फूल हा गुन्हा ठरवला. कायदा कारागिराला कुळ देऊ शकतो आणि त्याचे कुळ पुसूही शकतो.

इथवर लिहून मी खूश होते. भाषेच्या अंगानेही विषय जुळून येत होता. व्हिस्की हा शब्द गेलिक भाषेतल्या 'जीवनजल' या अर्थाच्या शब्दसमूहातून आला. त्यातला पाण्याचा शब्द तेवढा उरला. आपल्या 'अबकारी'तला 'आब' म्हणजेही फारसीत पाणीच. तिकडे पाण्याचे पेय झाले, इकडे पाण्याचे खाते झाले. वर्गात सांगायला किती छान! मी उत्साहाने आईला हे सारे वाचून दाखवले: वसाहतवाद, हिरावलेला वारसा, गुन्हेगार ठरवलेली कला.

आई शांतपणे ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे तुझ्या मामाला चांगल्यातली मिळाली असती तर तो जगला असता, असं म्हणायचंय का तुला?"

*

मामाविषयी आमच्या घरात बोलले जात नाही. आजोबा भंडारी, वाडीतले माड छेवणारे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला आणि पुढच्याच वर्षी संपूर्ण बंदी लागू झाली. आजोबांचा कोयता आढ्याला गेला. ते मिठागरावर मजुरीला जाऊ लागले. ज्या पायांना माडाच्या खाचांची सवय, ते पाय मिठाच्या पाण्यात फुटले. आईच्या आठवणीत तिचे वडील फक्त मिठागरावरचे. माडावर चढलेले तिने त्यांना एकदाच पाहिले, तेही कुणाच्या लग्नासाठी शहाळी काढताना.

मामाच्या वाट्याला कोयता आलाच नाही. त्याच्या वाट्याला हातभट्टी आली, पिणाऱ्याच्या बाजूने. तोवर मोह जाऊन काळा गूळ आणि नवसागर आले होते. खाडीकाठच्या तिवरांत पिंपे पुरायची, रबरी ट्यूबमध्ये भरून माल न्यायचा. त्यात ना निवड, ना नजर. पकडले जाण्याच्या भीतीने केलेली घाई हाच त्यातला एकमेव नियम. मामा छत्तिसाव्या वर्षी गेला. मी शाळेत होते. नागावच्या घरी पोचलो तेव्हा अंगणातल्या माणसांत मामी एका बाजूला बसलेली, आणि माझी आई, तिची नणंद, तिच्याजवळ न जाता विहिरीवर भांडी घासत बसलेली. ती पुष्कळ वेळ भांडीच घासत होती.

म्हणून आमच्या दिवाणखान्यात बाटली नसते. माझे यजमान क्वचित घेणारे. पण आई आल्यापासून त्यांनी तेही घराबाहेर ठेवले आहे, कुणी न सांगता.

आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, शहरातल्या दारूच्या वाढत्या दुकानांवर लेखी हरकत घेतली होती. दुकाने वाढवून महसूल कमावणारे सरकार आणि त्यापायी मोडणारी घरे यांचा संबंध त्यांना स्पष्ट दिसत होता. गडकऱ्यांच्या सिंधूलाही तो संबंध नसेल कदाचित, पण परिणाम ठाऊक होता. ही परंपरा खोटी नाही. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांच्या घरच्यांसमोर जाऊन 'कारागिरी' हा शब्द उच्चारण्याचे धैर्य मला होणार नाही.

तरीही एक गोष्ट मला सुटता सुटेना. मराठी साहित्यात दारू पिणारा आहे, त्याच्यापायी होरपळणारी बायको आहे, त्याला बिघडवणारा तळीराम आहे. दारू करणारा मात्र जवळजवळ नाहीच. जणू ती आपोआप पेल्यात उतरते. पिणाऱ्याच्या नाशाबद्दल आपण खूप लिहिले. ज्याचा हुन्नर बंदीने नासला, आणि मग ज्याच्या मुलाला त्या हुन्नराच्या सडक्या अवशेषाने गिळले, त्या घराबद्दल आपण लिहिले नाही. आजोबांचे हातचे काम आणि मामाचे मरण ही दोन वेगळी प्रकरणे म्हणून आई सांभाळते. मला ती एकच गोष्ट वाटते. आमच्या दोघींत कोण बरोबर, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

*

जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाली. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँचने किंवा एसटीने धक्के खात जायचे, तिथे आता नेरूळहून गाडीत बसले की खिडकीतून खाजण, कंटेनर आणि अर्धवट इमारती पाहत पोचता येते. एका रविवारी आईला घेऊन गेले. भट्ट्यांची जागा शोधायची होती. बाजारात दोन-तीन वृद्धांना विचारले. एकाने मिठागरांकडे हात दाखवला, एकाने बंदराकडे. तिसऱ्याने माझ्याकडे असे पाहिले की मी पुढे विचारले नाही. पांढरी भिंत नाही, धुराडे नाही, पाटी नाही. मग रिक्षाने नागावला गेलो.

वाडी विकली गेली आहे, पण कुंपणाच्या कडेचे चार-पाच जुने माड उभे आहेत. आई एका माडाशी थांबली आणि खोडावर हात ठेवला. पाय ठेवायला कोयत्याने घेतलेल्या खाचा अजून तशाच होत्या. माडाचे खोड इतर झाडांसारखे नसते; त्याची जखम भरून येत नाही, आणि झाड वाढते ते केवळ शेंड्याकडून. म्हणून खाच जिथे घेतली तिथेच, त्याच उंचीवर राहते. आईने सर्वांत खालच्या खाचेत चार बोटे घातली. "एवढा पाय होता बाबांचा," ती म्हणाली. बाकी काही बोलली नाही.

परतताना गाडीत मी तिला सांगत होते: गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचे पेय म्हणून मान्यता दिली. मध्य प्रदेशाने २०२२ पासून आदिवासींच्या मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून बाजार देऊ केला. आपल्याकडेही २०२१ मध्ये मोहाची फुले गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठले. तेव्हा दिवस फिरत आहेत. बोलता बोलता माझ्याच लक्षात आले की उरणला यातले काहीच लागू होत नाही. वारसा म्हणून मिरवायला कुणीतरी तो चालवत असावा लागतो. आमच्याकडे चालवणारे हात मिठागरात गेले, मिठागरे बंदरात गेली आणि बंदरात आमच्या मुलांना मिळाली तर सुरक्षारक्षकाची नोकरी मिळते.

मग माझ्याने जे होण्यासारखे होते ते मी केले. मी भाषेची शिक्षिका. त्या रात्री वही घेऊन आईसमोर बसले आणि म्हटले, माडी काढण्यातले तुला आठवतील तेवढे शब्द सांग. आधी ती तयार नव्हती. मग हळूहळू सांगू लागली. पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा. ती बांधायची, हलक्या हाताने ठोकायची, म्हणजे रस सुटतो. छेव, म्हणजे पोयीच्या टोकाला रोज द्यायचा पातळ काप. जाड गेला तर पोय वाया. मडक्याला आतून चुना फासला तर नीरा, नाही फासला तर दुपारपर्यंत माडी. सकाळचे चढणे आणि संध्याकाळचे चढणे. पहिला थेंब आधी झाडाच्या बुंध्याशी. हे तिने स्वतः पाहिलेले नव्हते; तिच्या आईने तिला सांगितले होते. दोन पाने भरली.

मी वही मिटणार तोच ती म्हणाली, "थांब. खाली दादाचं नाव लिही."

"मामाचं? या यादीत?"

"मग कुठे लिहिणार?"

मी लिहिले.